रंगीत ढग पाहण्यासाठी पोलराइज्ड क्लिप: काय उघड होतं, काय पुसलं जातं

चष्मा लावणाऱ्या माणसाला रंगीत ढग पाहताना एक कायमची अडचण असते. ढगांवरचे सगळ्यात सुंदर रंग सूर्याच्या आसपास उमटतात, आणि नेमकी तिथेच नजर ठरत नाही. डोळ्यांत पाणी येतं, पापण्या मिटतात, आणि ढगाच्या कडेला खरंच गुलाबी-हिरवी झाक होती की तो भास होता हे कळायच्या आत तो तुकडा विरून गेलेला असतो. नंबराचा वेगळा गॉगल करून घेणं हा एक मार्ग आहे. पण चष्मा काढा, डबी शोधा, गॉगल लावा, या खटाटोपात ढग हातचा जातो. म्हणून मी चष्म्यावर बसणारी, वर उचलता येणारी पोलराइज्ड क्लिप घेतली. करड्या काचा, मधोमध छोटी बिजागरी, चष्म्याच्या काचेला धरायला रबराच्या टोप्या घातलेले चार बारीक पाय. बऱ्याच काळापासून मी ती रोज वापरते आहे, आणि वापरते ती उन्हापासून बचाव म्हणून नव्हे, फक्त आभाळ बघायला. गाडी चालवण्यासाठी किंवा पाण्याकाठी बसण्यासाठी क्लिप हवी असेल, तर तुमच्या गरजा वेगळ्या आहेत. हे सगळं ढगांच्या बाजूने लिहिलेलं आहे.

माझं मत आधीच सांगते. जरूर घ्या. पण करडीच घ्या, वर उचलता येणारीच घ्या, आणि ती कधी खाली पाडायची आणि कधी उचलायची हे नीट समजून घ्या. आभाळातल्या काही गोष्टी ही क्लिप उघड्या करते, काहींना तिचा काही फरक पडत नाही, आणि काही तर ती सरळ पुसून टाकते. दुकानदार यातलं काहीच सांगत नाहीत. ते फक्त एवढंच सांगतात की हिच्यामुळे ‘रंग खुलतात’. रंग खुलत नाहीत. चकाकी कमी होते, आणि मग जे होतं ते दिसतं.

सुरुवात करते ती क्लिपच्या सगळ्यात मोठ्या गुणापासून. निळ्या आभाळाचा प्रकाश म्हणजे हवेच्या रेणूंवरून विखुरलेला सूर्यप्रकाश. विखुरताना त्याची कंपनं एका ठरावीक दिशेत जास्त होतात, म्हणजेच तो काही प्रमाणात ध्रुवित होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ आरागो यांनी हे १८०९ मध्ये दाखवून दिलं. सूर्यापासून ९० अंशांवरच्या पट्ट्यात हा परिणाम सगळ्यात जास्त असतो. एक हात सूर्याच्या दिशेने आणि दुसरा त्याला काटकोनात धरला की तो दुसरा हात त्या पट्ट्याकडे बोट दाखवतो. ढगाचं तसं नाही. ढगात प्रकाश असंख्य थेंबांवर आपटत, वळत बाहेर येतो, आणि त्या गर्दीत कंपनांची दिशा हरवून जाते. पोलराइज्ड काच म्हणजे एका ठरावीक दिशेची कंपनं अडवणारी काच. त्यामुळे ती लावली की निळा रंग गडद होतो आणि ढग मात्र जवळपास तेवढाच उजळ राहतो. हा फरक डोळ्यांना फार मोठा वाटतो.

याचा खरा फायदा सिरस ढगांना होतो. सिरस म्हणजे फार उंचावरचे, बर्फाच्या कणांचे, केसासारखे बारीक ढग. नुसत्या डोळ्यांना जे आभाळ थोडं दुधाळ वाटतं, तिथे क्लिप खाली पाडली की एकेक तंतू सुटा दिसायला लागतो. वरच्या टोकाला छोटा आकडा, आणि तिथून खाली लांबत गेलेली शेपटी. ती शेपटी म्हणजे खाली पडणारे बर्फकण. खालच्या थरात वाऱ्याचा वेग वेगळा असल्यामुळे ते मागे रेंगाळतात आणि शेपटीला बाक येतो. तो बाक कुठे सुरू होतो हे पाहिलं की वाऱ्याचा वेग कोणत्या उंचीवर बदलतो आहे याचा अंदाज येतो. क्लिपशिवाय हा बाक मला अधूनमधून दिसायचा. क्लिप लावल्यावर तो जवळजवळ दर वेळी सापडतो. जुने, पसरलेले विमानांचे पट्टे आणि आपसूक तयार झालेला सिरस यांतला फरकही असाच कळायला लागतो.

लाटांचे ढग हा दुसरा आवडता विषय. वरच्या थरातली हवा खालच्या हवेपेक्षा बरीच वेगाने सरकत असली की दोन्ही थरांच्या सीमेवर लाटा उठतात, पुढे वळतात आणि फुटतात. तिथे ढग असेल तर त्याच्या वरच्या कडेला एका ओळीत वळलेल्या लाटा दिसतात. केल्विन आणि हेल्महोल्ट्झ या दोन शास्त्रज्ञांच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो. जागतिक हवामान संघटनेच्या मेघकोशात २०१७ साली त्याला ‘फ्लक्टस’ हे नाव मिळालं. या लाटा काही मिनिटांतच मोडतात. म्हणूनच मी वर उचलता येणाऱ्या क्लिपचा आग्रह धरते. एक बोट लावलं की काचा खाली, डोळ्यांपुढे. बाकी काही काढा-घालायला लागत नाही, नजरसुद्धा ढगावरून हलत नाही.

त्याच वर्षी मेघकोशात आणखी एक नाव आलं, ‘कॅव्हम’. ढगांच्या पातळ चादरीत एकाएकी पडलेलं गोल किंवा लांबट भोक. ही चादर शून्याखाली गेलेल्या पण न गोठलेल्या पाण्याच्या थेंबांची असते. हवेतलं पाणी अगदी उणे ३० अंशांच्या आसपासही द्रवरूप राहू शकतं, जर गोठायला कशाचा आधार मिळाला नाही तर. अशा थरातून विमान गेलं की पंखांवरून किंवा पंख्याच्या पात्यांवरून वाहणारी हवा एकदम प्रसरण पावते, आणखी थंड होते आणि काही थेंब गोठतात. मग ते बर्फकण आजूबाजूच्या थेंबांची वाफ ओढून घेत वाढत जातात, जड होऊन खाली पडतात, आणि मागे भोक राहतं. ते भोक रुंदावतही जातं. क्लिपमधून त्या भोकाचा निळा रंग खोल गडद होतो आणि मधोमध खाली लोंबणारा बर्फकणांचा पांढरा झुपका अगदी स्वच्छ उठून दिसतो. सूर्य योग्य जागी असला तर त्या झुपक्यात रंगाचा ठिपकाही चमकून जातो, कारण तिथे बर्फाचे स्फटिक असतात. या एका ढगासाठी मी या क्लिपला पैकीच्या पैकी गुण देईन.

आता येते ती गोष्ट जिच्यासाठी बहुतेक लोक असली काच घेतील: ढगावर उमटणारे शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे रंग. गुलाबी, हिरवा, मधूनच जांभळट, आणि त्यांना ठरावीक आकार नाही. पातळ ढगाच्या कडेने ते वाकडेतिकडे वाहत असतात. ढगातले थेंब फार लहान, साधारण एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, आणि जवळजवळ सारख्या आकाराचे असले, तर प्रकाश त्यांच्या कडांवरून वळताना वेगवेगळे रंग वेगवेगळ्या कोनांत फाकतात. यालाच विवर्तन म्हणतात. थेंब लहानमोठे असतील तर रंग एकमेकांवर चढतात आणि पुन्हा पांढरं होतं. म्हणून हे रंग नव्याने तयार होत असलेल्या ढगात शोधावेत, जिथे सगळे थेंब एकाच वयाचे असतात: भिंगाच्या आकाराच्या ढगांच्या कडेला, पातळ सिरोक्युम्युलसमध्ये, म्हणजे उंचावरच्या बारीक दाणेदार ढगांत, किंवा जोराने वर चढणाऱ्या क्युम्युलसच्या, म्हणजे कापसाच्या ढिगासारख्या ढगाच्या, डोक्यावर क्षणभर बसणाऱ्या पातळ टोपीवर. ही टोपी मला सगळ्यात जास्त आवडते. खालचा ढग तिला फोडून वर निघतो आणि ती दोन-चार मिनिटांत जाते, पण तेवढ्या वेळात तिच्यावर जे रंग फिरतात ते पाहण्यासारखे असतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या रंगांसाठी पोलराइज्ड काचेचा काहीही उपयोग नाही. सूर्याच्या जवळचा प्रकाश ध्रुवित नसतो, विवर्तनाने आलेला हा प्रकाशही जवळपास नसतो. काच हातात धरून कितीही फिरवली तरी रंगांत फरक पडत नाही. मी हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं आहे. इथे काम करतो तो फक्त काचेचा गडदपणा. माझी क्लिप तिसऱ्या श्रेणीची आहे, म्हणजे ८ ते १८ टक्के प्रकाश आत येऊ देणारी. तेवढ्याने चकाकी उतरते, डोळा सैल होतो, आणि पांढऱ्याशुभ्र वाटणाऱ्या कडेत हिरवी रेघ दिसायला लागते. साधी करडी, पोलराइज्ड नसलेली क्लिपसुद्धा हे काम अगदी तेवढंच चांगलं करेल. तुम्हाला फक्त सूर्याजवळचे रंगच पाहायचे असतील, तर पोलराइज्डसाठी जास्त पैसे मोजू नका.

आणि करडी म्हणजे करडीच. तपकिरी काच ढगांचा उठाव जास्त दाखवते हे खरं आहे, कारण ती निळा प्रकाश अडवते. नुसते आकार पाहायचे असतील तर ती चालेल. पण रंगीत ढगांसाठी ती निरुपयोगी आहे. तिच्यातून हिरवा मळकट होतो, जांभळा नाहीसा होतो आणि पांढऱ्या कडेलाही सोनेरी छटा येते. मग आपण जे पाहतो आहोत ते ढगाचं की काचेचं, हे कळतच नाही. पिवळ्या काचेची तीच गत. करड्या काचेतून सगळे रंग साधारण सारख्या प्रमाणात मंद होतात, त्यामुळे त्यांचं आपसातलं नातं टिकून राहतं. तरीही शंका आली तर क्लिप वर उचलून पाहा. खरा रंग फिका दिसेल, पण जागच्या जागी असेल.

सुरक्षेबद्दल एवढंच, पण मनापासून. ही क्लिप लावून सूर्याकडे पाहायचं नाही, पातळ ढगाआड असला तरी नाही. तिसऱ्या श्रेणीची काच असो की चौथ्या, ती सूर्यबिंब पाहण्यासाठी बनलेली नाही. सूर्य इमारतीच्या कोपऱ्याआड, खांबाआड किंवा झाडाच्या दाट फांदीआड येईल अशा जागी उभं राहावं आणि कडेचे ढग पाहावेत. हाताच्या अंगठ्याने झाकता येतो, पण हात हलतो. भक्कम आडोसा केव्हाही बरा. क्लिपवर यूव्ही ४०० असं लिहिलेलं असलं पाहिजे, ती काच अतिनील किरण अडवते याची ही खूण. गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते उलट जास्त आत जातात.

सूर्याभोवतीच्या कड्यांमध्ये क्लिपचा निकाल मधला आहे. खळं पडतं ते बर्फाच्या सहा बाजूंच्या स्फटिकांमधून प्रकाश वाकल्यामुळे. ते सूर्यापासून २२ अंशांवर असतं, हात ताठ लांबवून पंजा फाकवला तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण एवढं अंतर भरतं. खळ्याची आतली कड लालसर असते. पाण्याच्या थेंबांमुळे सूर्याला किंवा चंद्राला लागून जी छोटी रंगीत कडी पडतात, त्यांची बाहेरची कड लालसर असते. ढग बर्फाचा की पाण्याचा हे ओळखायला याहून सोपी खूण मला माहीत नाही. नुसत्या डोळ्यांना ही लाल कड फटफटीत प्रकाशात हरवते, क्लिप लावली की सापडते. सूर्याच्या दोन्ही बाजूंना त्याच उंचीवर चमकणारे प्रतिसूर्य तर क्लिपमधून फारच छान दिसतात, सूर्याकडच्या बाजूला लाल, मग पिवळा, आणि बाहेर पांढरी शेपटी.

पण सगळ्यात भडक रंग या दोन्हींचे नसतात. सूर्य डोक्यावर, क्षितिजापासून ५८ अंशांपेक्षा उंच असताना, त्याच्या खाली ४६ अंशांवर सिरस ढगांमधून एक आडवा रंगीत पट्टा उमटतो. बर्फाच्या चपट्या चकत्या हवेत आडव्या तरंगत असतात. प्रकाश त्यांच्या उभ्या बाजूतून आत शिरतो आणि तळातून बाहेर पडतो. ढग तुटक असले की पट्टाही तुटक दिसतो, आणि एखाद्याच ढगाला रंग लागल्यासारखं वाटतं. ‘इंद्रधनुषी ढग’ म्हणून जे फोटो फिरतात त्यांतले बरेचसे याचेच असतात. याची बहीण म्हणावी अशी दुसरी कमान सूर्य ३२ अंशांपेक्षा खाली असताना डोक्यावरच्या बिंदूभोवती दिसते. ती सूर्याच्या वर ४६ अंशांवर असते, आणि मान पुरती मागे टाकून पाहणारे कमी म्हणून ती फार थोड्यांना माहीत आहे. खालच्या आडव्या पट्ट्यासाठी पोलराइज्ड काच खरंच मदत करते. तिथल्या निळ्या पार्श्वभूमीचा प्रकाश काही प्रमाणात आडव्या कंपनांचा असतो आणि क्लिप नेमकी आडवी कंपनं अडवते. पट्टा मात्र फारसा मंद होत नाही. लाल, पिवळा, हिरवा, निळा अशी पूर्ण रांग मोजता येते. यासाठी क्लिपचं कौतुक करावं तेवढं थोडं.

आता पुसल्या जाणाऱ्या गोष्टी. पहिलं नाव इंद्रधनुष्याचं. पावसाच्या थेंबात शिरलेला प्रकाश आतल्या बाजूने परावर्तित होऊन बाहेर येतो आणि या परावर्तनात तो जवळजवळ पूर्ण ध्रुवित होतो. कंपनांची दिशा कमानीच्या रेषेला धरून असते. कमानीच्या माथ्यावर ही दिशा आडवी. क्लिप आडवी कंपनं अडवते. त्यामुळे क्लिप लावून पाहिलं तर माथा गायब, आणि दोन्ही बाजूंचे खांब मात्र झळझळीत उभे. हे पाहण्यासारखं आहे, आणि इथे चष्म्यापासून सुटी होणारी क्लिप कोणत्याही गॉगलवर मात करते. ती काढून हातात घ्या, एका डोळ्यापुढे एक काच धरा आणि हळूहळू फिरवा. माथा परत येतो, खांब विरघळतात; आणखी फिरवली की खांब परततात, माथा जातो. कमानीवरून अंधार सरकत जाताना दिसतो. धुक्यात किंवा ढगाच्या बारीक थेंबांत जी रुंद, जवळजवळ पांढरी कमान पडते तिचंही असंच होतं. हा अनुभव घेऊन झाला की मात्र क्लिप वर उचला. इंद्रधनुष्य उघड्या डोळ्यांनीच पाहायचं.

दुसरी गोष्ट पाण्यातल्या प्रतिबिंबाची. सूर्याजवळचे ढग थेट न पाहता साचलेल्या पाण्यात किंवा काळ्या काचेत पाहायचे, ही ढग पाहणाऱ्यांची जुनी आणि फार चांगली युक्ती. प्रतिबिंब मंद असतं, रंग सौम्य आणि खरे दिसतात. पण पाण्यावरून तिरकस परावर्तित होणारा प्रकाश आडव्या कंपनांचा असतो, आणि साधारण ५३ अंशांच्या कोनात तर तो पूर्णच तसा होतो. क्लिप लावली की ते प्रतिबिंब मावळतं आणि पाण्याचा तळ दिसायला लागतो. मासे पाहणाऱ्यांना हेच हवं असतं, आपल्याला नको असतं. दोन्ही उपाय एकदम वापरू नयेत.

तिसरी गोष्ट पुसण्याची नाही, उलट नको ते रंग घालण्याची. विमानाच्या खिडकीचं प्लॅस्टिक ताणाखाली असतं. बाहेरच्या निळ्या आभाळाचा ध्रुवित प्रकाश त्यातून येऊन पोलराइज्ड काचेवर पडला की गुलाबी-हिरवे पट्टे दिसतात, आणि ते थेट ढगांवर उमटल्यासारखे वाटतात. काही गाड्यांच्या कडक केलेल्या काचांमध्येही डाग-डाग दिसतात ते यामुळेच. ओळखायची रीत साधी: क्लिप उचला. खिडकीचे रंग लगेच जातील. विमानाच्या सावलीभोवती ढगांवर पडणारं रंगीत वलय मात्र क्लिप असो-नसो, तिथेच राहील. विमानात मी क्लिप पिशवीतून काढतच नाही. वरून दिसणारं ते वलय इतकं लोभस असतं की त्यात खोट्या रंगांची भेसळ नको.

संध्याकाळी तर क्लिपला सुट्टीच. सूर्य खाली आला की त्याच्या प्रकाशाला हवेच्या जाड थरातून यावं लागतं, निळा वाटेत विखुरतो आणि तांबडा उरतो. पावसाळी ढगाच्या ऐरणीसारख्या पसरट माथ्याखाली लोंबणारे गोल पिशव्यांचे ढग, ज्यांना मॅमेटस म्हणतात, त्यांच्यावर तो खालून तिरका पडतो तेव्हा प्रत्येक गोलाई वेगळी उजळते. इथे चकाकी नसते, असतो तो जेमतेम पुरेसा प्रकाश. तो ८ ते १८ टक्क्यांवर आणण्यात काय अर्थ? मेघकोशात २०१७ मध्येच दाखल झालेला अॅस्पेरिटास, म्हणजे खालून पाहिल्यावर खवळलेल्या पाण्यासारखा वाटणारा ढग, तोही बहुतेक वेळा करड्या, मंद उजेडातच भेटतो. त्याला उघडे डोळेच लागतात.

ध्रुवांकडच्या प्रदेशात जाण्याचा योग असेल तर तिथल्या दोन ढगांसाठी ही क्लिप मुळीच नको. हिवाळ्यात १५ ते २५ किलोमीटर उंचीवर, उणे ७८ अंशांखालच्या थंडीत तयार होणारे मौक्तिक मेघ सूर्य क्षितिजाखाली असताना चमकतात. रंग तेच, विवर्तनाचे, पण इतके तेजस्वी की खालचं आभाळ अंधारलेलं असताना ते पेटलेले दिसतात. आणि निशादीप्त ढग त्याहून कितीतरी वर, सुमारे ८० किलोमीटरवर. सगळ्यात उंच ढग हेच. क्राकाटोआचा ज्वालामुखी १८८३ मध्ये फुटला आणि त्यानंतर दोन वर्षांनी या ढगांच्या पहिल्या ठळक नोंदी झाल्या. चंदेरी-निळे, बारीक सुरकुत्यांचे, आणि उन्हाळ्यातल्या रात्री उत्तरेच्या क्षितिजावर. या दोन्हींसाठी लागते ती फक्त काळोखी जागा आणि थांबायची तयारी.

वस्तू म्हणून क्लिप कशी आहे? वजन इतकं कमी की नाकावर जाणवत नाही. बिजागरी पक्की आहे, वर उचललेली क्लिप चालताना आपोआप खाली येत नाही. तक्रारी दोन. पहिली, क्लिपची काच आणि चष्म्याची काच यांच्यात राहणारी फट. सूर्य मागे किंवा बाजूला असला की त्या फटीत प्रकाश शिरतो आणि स्वतःच्याच डोळ्याचं अंधुक प्रतिबिंब समोरच्या ढगावर तरंगायला लागतं. क्लिपच्या आतल्या बाजूला परावर्तन रोखणारा थर असता तर हे झालं नसतं. काठाची टोपी घातली की त्रास निम्म्याहून कमी होतो, म्हणून मी ती नेहमी जवळ ठेवते. दुसरी तक्रार रबराच्या टोप्यांची. त्या हळूहळू सैल होतात, आणि एखादी निसटली की उघडं धातूचं टोक थेट चष्म्याच्या काचेवर घासतं. चष्म्याच्या काचा महाग असतात. त्या टोप्या अधूनमधून बोटाने दाबून पाहाव्यात. क्लिप कोरड्या कापडाने कधी पुसू नये. आधी पाणी, मग मऊ कापड. धुळीचा एक कण काचेवर ओरखडा पाडतो आणि तो ओरखडा नेमका सूर्याच्या दिशेने पाहताना चमकतो.

उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचांचा चष्मा असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. क्लिप खाली असताना अतिनील किरण अडतात, म्हणून मागचा चष्मा काळा होत नाही. वर उचलली की तो काळा व्हायला लागतो. उचल-पाड करून रंगांची तुलना करायची असेल तर हे गोंधळाचं आहे. साध्या पांढऱ्या काचांचा चष्मा यासाठी बरा.

फोटोसाठीही ही क्लिप कामी येते. एक काच मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे टेकवून धरायची आणि स्क्रीनवर पाहत फिरवायची. सिरसचे तंतू उठून आले की फोटो घ्यायचा. फार रुंद दृश्य घेऊ नका, कारण आभाळाचा ध्रुवित पट्टा फोटोत मधोमध गडद डाग होऊन येतो आणि दोन्ही बाजू फिक्या राहतात. क्लिप चष्म्यावर खाली असताना मोबाईल उभा-आडवा केला आणि स्क्रीन एकदम काळी पडली तर घाबरू नका, स्क्रीनचा प्रकाशही ध्रुवित असतो. सूर्याजवळच्या रंगांचे फोटो काढताना मोबाईलला प्रकाश कमी करायला सांगा, ढगावर बोट ठेवून उजेडाची पट्टी खाली ओढा. नंतर रंग भडक करू नका, एवढी माझी विनंती आहे. खरे रंग फिकेच असतात, आणि भडक केलेले फोटो पाहून लोक खरा ढग समोर आला तरी त्याला ओळखत नाहीत.

घेताना पडताळणी दुकानातच करावी, दोन मिनिटांचं काम आहे. पांढरा कागद क्लिपमधून पाहा, तो करडाच दिसला पाहिजे, पिवळट किंवा हिरवट नाही. मग लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन समोर ठेवा आणि क्लिप हातात धरून फिरवा. एका कोनाला काचा काळ्या झाल्या तरच ती पोलराइज्ड. आणि दोन्ही काचा एकाच वेळी काळ्या झाल्या पाहिजेत. एक आधी आणि दुसरी नंतर होत असेल तर काचा तिरक्या बसवल्या आहेत. अशा क्लिपमधून तोच निळा तुकडा दोन डोळ्यांना दोन वेगळ्या गडदपणाचा दिसतो, आणि थोड्याच वेळात डोकं दुखायला लागतं. ती तिथेच परत द्या आणि दुसरी मागा.